आपल्या वस्तीचा इतिहास आपल्या मुलांच्या हाती



आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत रविवारी नववी-दहावीची मुले-मुली येतात. एका रविवारी आम्ही त्यांना सांगितले, "आपल्या गावाच्या इतिहासावर दहा ओळी लिहा." मुलांनी लिहिले. कोणी नगरचा भुईकोट किल्ला लिहिला, कोणी चांदबिबी लिहिली, कोणी १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू या किल्ल्यात कैदेत होते आणि तेथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे लिहिले. कोणी शिर्डी लिहिली, कोणी चौंडी आणि अहिल्यादेवी. सगळे बरोबर होते. परंतु एकाही मुलाने आपल्या वस्तीवर, आपल्या आजोबा-पणजोबांवर एक ओळदेखील लिहिली नव्हती. आम्ही विचारले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, आपल्या वस्तीला कुठे इतिहास असतो?"

हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. ज्या समाजाने हजारो वर्षे गावाची हद्द राखली, सरकारी वसूल ठाण्यापर्यंत पोहोचवला, गावात कोणी वारले की सांगावा घेऊन ऊन-पावसात दहा-दहा कोस तुडवले, त्या समाजाच्या लेकराला वाटते की आपल्याला इतिहास नाही! यात मुलीचा दोष नाही. तिच्यासमोर आपण कधी तो ठेवलाच नाही. पूर्वी आपण म्हणत असू, की कागदपत्रे मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत कुलपात आहेत, ग्रंथ महाग आहेत, आपल्या शाळेला कोण देणार? आज ही सबब उरलेली नाही. हजारो जुने ग्रंथ, अहवाल, जनगणनेच्या पुस्तिका आणि स्वतः बाबासाहेबांचे लिखाण इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. ते कोठे आहे, कसे शोधावे, आणि मुख्य म्हणजे वर्गात कसे वाचावे, याची माहिती सभासदांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना व्हावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

फुकट कसे काय मिळते?

पहिली शंका हीच येते. एखादी वस्तू फुकट मिळते म्हटले की आपण बिचकतो. म्हणून कायद्याची बाजू आधी समजून घेऊ. आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क असतो. ती मुदत संपली की ग्रंथ सर्वांचा होतो. महात्मा जोतीराव फुले १८९० साली गेले. त्यांचे वाङ्मय केव्हाच सर्वांचे झाले. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. सरकारी प्रकाशनांना प्रसिद्धीपासून ६० वर्षांची मुदत आहे.

उलट, आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या धामणगावचे सुपुत्र दया पवार १९९६ साली गेले. त्यांचे १९७८ साली प्रसिद्ध झालेले 'बलुतं' हे आत्मकथन अजून हक्काच्या मुदतीत आहे. कोणी त्याची प्रत चोरून इंटरनेटवर टाकली असली तरी ती आपण घेऊ नये. ते विकत घेऊन शाळेच्या कपाटात ठेवावे. शीलाची गोष्ट पुस्तकालाही लागू आहे.

कोठे काय सापडते?

आता भांडारांची ओळख करून घेऊ.

पहिले भांडार सरकारी गॅझेटियरचे. इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यातील प्रत्येक जिल्ह्यावर जाडजूड ग्रंथ तयार करविले. आपल्या जिल्ह्याचा तो १७ वा खंड. १८८४ साली छापला गेला. जमीन, पिके, लोक, सावकारी, व्यापार, इतिहास, शाळा, दवाखाने, तालुके आणि शेवटी गावांची वर्णने अशी त्याची मांडणी आहे. १८७५ साली नगर आणि पुणे जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, त्याची आणि १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाची हकीकत त्यात आहे. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने जिल्हा गॅझेटियरची नवी आवृत्ती १९७६ साली काढली. शासनाच्या गॅझेटियर विभागाने हे ग्रंथ संगणकावर आणले आहेत.

दुसरे भांडार म्हणजे अमेरिकेतील 'इंटरनेट अर्काइव्ह'. ही संस्था १९९६ साली सुरू झाली. जगभरच्या ग्रंथालयांतील पुस्तकांची छायाचित्रे येथे पानोपानी पाहता येतात आणि उतरवूनही घेता येतात. आपल्या देशात 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पाखाली जी मराठी पुस्तके छायांकित झाली, त्यांतली पुष्कळशी येथे आहेत. नगरमध्ये १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे जुने अहवालही येथे मिळतात. मिशनचा उद्देश धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. तथापि सिंथिया फॅरार या बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालविल्या, जोतीरावांनी मित्रासोबत येऊन त्या पाहिल्या आणि पुढे १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हा आपल्या नगरचा अभिमानाचा धागा आहे. आपल्या किती शाळांत तो सांगितला जातो?

तिसरे भांडार आपल्याला सर्वांत जवळचे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध केली. आरंभीच्या खंडांचे संपादन वसंत मून यांनी केले. इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. दुसऱ्या खंडात मुंबई विधिमंडळातील त्यांचे काम आहे. अठराव्या खंडात तीन भागांत त्यांची मराठी भाषणे तारीखवार दिली आहेत. 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७-२९) ही पत्रेही शासनाने १९९० साली एकत्र छापली. बाबासाहेब कोणत्या साली कोणत्या गावी आले, काय बोलले, हे शोधायला याहून विश्वसनीय जागा नाही.

चौथे भांडार जनगणनेचे. प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका असते. त्यात गावागणिक लोकसंख्या आणि साक्षरता दिलेली असते. जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुन्या पुस्तिका आहेत.

पाचवे, भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' (२०१५) आणि खरगपूरच्या आयआयटीने चालविलेले 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' (२०१८). विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांसाठीही दुसऱ्याचा उपयोग होतो.

सहावे भांडार मराठीचे. मराठी विश्वकोश संगणकावर मोफत आहे. 'विकिस्रोत' येथे त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे 'गाव-गाडा' हे पुस्तक वाचता येते. बलुतेदारी कशी चालत असे याचे तपशील त्यात आहेत. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी शब्दकोश शोधता येईल अशा रीतीने ठेवला आहे. जुन्या कागदांतले 'जुडी', 'वेठ', 'इनाम', 'येसकर' असे शब्द अडले की तो उपयोगी पडतो. तसेच २०१४ साली सुरू झालेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या आहेत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. लिहिता न येणाऱ्या माउल्यांनी आपला इतिहास कोठे लिहिला, तर दळता दळता गळ्यातून!

शोधताना कोठे अडते?

आम्ही स्वतः अडलो, म्हणून सांगतो. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. त्यामुळे नवी माहिती या नावाखाली आणि जुनी सगळी 'अहमदनगर' या नावाखाली मिळेल. इंग्रजीत शोधताना आणखी घोटाळा होतो. १८८४ च्या ग्रंथात 'एम' या अक्षरापुढे 'ई' नसून 'ए' आहे. दोन्ही प्रकारे शोधावे. अकोले तालुक्याचे नाव जुन्या इंग्रजी कागदांत 'अकोला' असे येते आणि मुले विदर्भातल्या अकोल्याची माहिती उतरवून आणतात! जुन्या ग्रंथात जिल्ह्याचे ११ तालुके आहेत, आज १४ आहेत. श्रीरामपूर, पाथर्डी आणि राहाता हे तीन त्या यादीत सापडणार नाहीत. श्रीरामपूर शहर तर धोंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाल्यावर बेलापूर रोड स्टेशनाभोवती पुढे वाढलेले. तेव्हा तेथील मुलांनी आधी बेलापूर शोधावे.

जुन्या मराठी पुस्तकांत यंत्राने शब्दशोध नीट होत नाही. अशा वेळी सरळ अनुक्रमणिका उघडावी. इंग्रजी मजकुराचे मोबाइलवर यंत्राने केलेले मराठी भाषांतर वरवर ठीक वाटते, पण 'वतन', 'बलुते' अशा शब्दांशी ते गफलत करते. म्हणून शिक्षकांनी दहा ओळी निवडून स्वतः भाषांतर करावे. दहा ओळी पुरेत. आणि शाळेत वर्गासमोर इंटरनेट चालेल या भरवशावर कधीही राहू नये. आदल्या दिवशी पान उतरवून घ्यावे, त्याची छापील प्रत काढावी. चार मुलांत एक कागद पुरतो. चाळीस मुलांच्या वर्गाला दहा झेरॉक्स लागतील. एका मोबाइलवर आणि दहा कागदांवर हा पाठ होतो. संगणक कक्ष नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही.

आमची एक चूक

येथे आमची एक चूक प्रांजळपणे सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या उत्साहात आम्ही गॅझेटियरमधील लोकांविषयीच्या प्रकरणातील एक पान भाषांतर करून मुलांच्या हाती दिले आणि एका मुलाला मोठ्याने वाचावयास सांगितले. त्या ग्रंथात प्रत्येक जातीचे घर, पोशाख, आहार, स्वभाव असे वर्णन आहे. जणू माणसे म्हणजे बाजारातले जनावर. आपल्या समाजाविषयीचे शब्द येताच तो मुलगा मध्येच थांबला. मान खाली घालून बसला. वर्गात कोणी हसले, कोणी गप्प झाले. पुढच्या दोन रविवारी तो मुलगा आलाच नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईची क्षमा मागितली. त्या माउलीने आम्हाला चहा दिला आणि म्हणाली, "लिहिणाऱ्याचं नाव सांगायचं होतं ना आधी पोराला."

त्या अशिक्षित माउलीने आम्हाला इतिहासाची पद्धत शिकविली. कोणी लिहिले, हे आधी सांगावे. काय लिहिले, ते नंतर. तेव्हापासून आम्ही कोणताही जुना कागद मुलांना देण्यापूर्वी फळ्यावर चार प्रश्न लिहितो :

१. हे कोणी लिहिले?
२. केव्हा आणि कशासाठी लिहिले?
३. कोणाला विचारून लिहिले?
४. कोणाला विचारलेच नाही?

चौथ्या प्रश्नावर मुले सर्वांत अधिक बोलतात. १८८४ चा ग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांनी कारभारासाठी तयार केला. त्यांना माहिती गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून आणि कारकुनांकडून मिळे. महारवाड्यात जाऊन कोणी आजीबाईला विचारले असेल का? हे एकदा कळले की त्या पानावरचे शब्द मुलाला लागत नाहीत. तो त्या शब्दांची उलटतपासणी घेऊ लागतो. अपमानाचे शब्द असलेले पान मोठ्याने वाचावयास मात्र कोणत्याही मुलाला सांगू नये. ते काम शिक्षकांनी, आणि तेही गरज असेल तेवढेच, करावे.

ही रीत आपल्याला परकी नाही. भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना जो उपदेश केला, तो अंगुत्तर निकायात आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. ग्रंथ सोन्याच्या अक्षरांत असो की संगणकाच्या पडद्यावर असो, नियम तोच.

एक पाठ : वतन आणि हरेगाव

आता प्रत्यक्ष एक पाठ कसा घ्यावा, ते सांगतो. त्याला चार तासिका लागतात. विषय आहे महार वतन.

पहिल्या तासिकेत शिक्षकांनी वतन म्हणजे काय हे सांगावे. गावकी आणि सरकारी कामे करण्याच्या मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते, आणि त्यापायी सगळ्या घरादाराला चोवीस तासांची बांधिलकी. १८७४ च्या वतन कायद्याने या पद्धतीला कायद्याची चौकट दिली. मग १९ मार्च १९२८ ही तारीख फळ्यावर लिहावी. या दिवशी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. दुसऱ्या खंडातून त्यावरच्या भाषणाचे एक पान मुलांना द्यावे. वतनाला 'मान' समजणाऱ्या आपल्याच लोकांना बाबासाहेब ते सोडा का सांगत होते, यावर मुलांना बोलू द्यावे.

दुसऱ्या तासिकेत आपल्या जिल्ह्यात यावे. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम नगर जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले होते. आणि १९३९ सालच्या डिसेंबर महिन्यात श्रीरामपूरजवळच्या हरेगाव येथे वतनदारांच्या प्रश्नावर मोठी परिषद झाली. स्वतः बाबासाहेब तेथे आले होते. हरेगाव म्हणजे मुलांच्या लेखी साखर कारखान्याचे गाव. तेथे बाबासाहेब आले होते हे ऐकताच मुलांचे डोळे मोठे होतात. अठराव्या खंडातील त्या काळची भाषणे पाहावी, आणि आपल्या किंवा शेजारच्या तालुक्यातील आणखी कोणती सभा सापडते का, हे मुलांनाच शोधू द्यावे. नकाशावर ते गाव दाखवावे. आपल्या गावाहून तेथे पायी जायला किती वेळ लागेल, याचा हिशेब करावयास सांगावा. कारण त्या काळी माणसे अशीच गेली.

तिसरी तासिका वर्गात नसते, घरी असते. मुलांनी आपल्या आजी-आजोबांना तीनच प्रश्न विचारावेत. आपल्या घराकडे वतन होते का? ते काम कोण करीत असे? ते कधी आणि कसे सुटले? उत्तर जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत लिहावे. शुद्धलेखनाकडे पाहू नये.

चौथ्या तासिकेत कागद आणि आठवण समोरासमोर ठेवावी. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने १ ऑगस्ट १९५९ पासून नष्ट झाली, असे कायदा सांगतो. आजी कदाचित सांगेल, "त्याच्या आधीच आम्ही काम टाकलं, मग गावाने आमचं पाणी तोडलं." किंवा सांगेल, "कायदा झाला तरी सासरा म्हातारा होईतो काम करीतच होता." दोन्हींतले खरे कोणते? दोन्ही खरे असू शकते. कायद्याची तारीख एक असते, माणसाच्या सुटकेची तारीख वेगळी असते. ज्यांच्याकडे जमीन राहिली त्यांनी सातबारा काढून पाहावा. भोगवटादार वर्ग-२ अशी नोंद अनेकांना दिसेल. ती तेथे का आहे, हे मुलाला त्या दिवशी समजेल. अभ्यासिकेत हा पाठ झाल्यावर काही पालक स्वतः सातबारा घेऊन आमच्याकडे आले, हे नमूद करावयास आम्हाला आनंद वाटतो.

आकडेही बोलतात

गणिताच्या शिक्षकांसाठी दुसरा पाठ. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजारांच्या घरात होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ आहे. एवढे तर कोणीही सांगेल.

परंतु आता आपल्या गावाचा आकडा पाहावा. १९६१ च्या पुस्तिकेत काही गावांत अनुसूचित जातींची संख्या पूर्वीच्या मानाने फारच कमी दिसेल. मुले चटकन म्हणतात, "माणसे गाव सोडून मुंबईला गेली." काही गेलीही. पण मोठे कारण निराळे आहे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ज्याने आपला धर्म बौद्ध लिहविला, तो अनुसूचित जातीच्या रकान्यात राहत नसे. हा नियम १९९० साली बदलला. म्हणजे रकान्यातून माणसे 'नाहीशी' झाली, ती वस्तीतच होती. फक्त त्यांनी मान वर करून वेगळे उत्तर दिले होते. सवलती जाणार हे ठाऊक असतानाही दिले होते! तो उणा दिसणारा आकडा म्हणजे आपल्या आजोबांची सही आहे. अशा रीतीने वाचले तर जनगणनेच्या कोरड्या पुस्तिकेतही इतिहास सापडतो.

नावांत दडलेली माणसे

श्रीगोंदे तालुक्यातील मुलांनी आपल्या गावाचे जुने नाव शोधावे. जुन्या कागदांत ते 'चांभारगोंदे' असे येते. गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून हे नाव पडले, अशी परंपरागत समजूत आहे. एका चर्मकार साधुपुरुषाच्या नावाने गाव ओळखले जाई, ही गोष्ट नव्या नावाखाली झाकली गेली.

तसेच दायमाबादचे. १९७४ साली तेथे ताम्रपाषाणयुगातील काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या अप्रतिम मूर्ती सापडल्या. त्या कोणा पंडिताला सापडल्या नाहीत. छबू लक्ष्मण भिल्ल या ग्रामस्थाला झाडाचे मूळ खणताना सापडल्या. जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे या खेड्याचे नाव १९५०-५१ च्या उत्खननानंतर एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीला मिळाले. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे वार्षिक आढावे आज मोफत वाचता येतात. त्यांत आपल्या जिल्ह्याची पाने मुलांनी स्वतः उलटावीत.

जे कोठेच नाही, ते आपण ठेवू या

एवढी भांडारे पाहिल्यावर एक गोष्ट मनाला टोचते. त्यांत सरकारचे कागद आहेत, मिशनचे आहेत, पंडितांचे आहेत. आपल्या वस्तीचे स्वतःचे कागद मात्र कोठे आहेत? बुद्धविहाराच्या बांधकामाची वर्गणीवही, समाजमंदिराच्या भूमिपूजनाची पत्रिका, धम्मदीक्षेला नागपूरला गेलेल्या माणसाने जपलेले रेल्वेचे तिकीट, पहिल्या पदवीधराचा सत्काराचा फोटो, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातले आजोबांचे नाव आणि समोर गुरुजींनी अंदाजाने टाकलेली १ जून ही जन्मतारीख. आमच्याच एका सभासदाच्या घरी त्यांच्या वडिलांनी 'जनता' पत्राचे अंक ट्रंकेत ठेवले होते. घर बांधताना ते रद्दीत गेले. किती रुपये आले असतील? ज्यांनी १९५६ चे दिवस डोळ्यांनी पाहिले, त्यांतले लहानात लहानही आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. दरवर्षी आपण श्रद्धांजलीच्या पानावर नवी नावे छापतो. एकेक नाव म्हणजे एकेक न लिहिलेला ग्रंथ आहे.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक शाखेने एक 'गावाची वही' सुरू करावी. मोबाइलने कागदांचे फोटो काढावेत. दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असे. प्रत्येक फोटोला गाव, साल आणि कागद कोणाच्या घरचा, ही नोंद करावी. मूळ कागद मालकाला त्याच दिवशी परत द्यावा. वडीलधाऱ्यांची आठवण ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी, आणि एखादी गोष्ट ते बाहेर सांगू नका म्हणाले तर ती सांगू नये. कोणाचा आधार क्रमांक, जमिनीचा चालू वाद, घरातले भांडण असे काही सर्वांसमोर ठेवू नये. प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात : संस्थेच्या संगणकावर, एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर आणि शाळेत छापील स्वरूपात. यंत्र बिघडते, कागद वाळवी खाते, तीन ठिकाणी असले तर एक तरी राहते.

शिक्षक बंधू-भगिनींना विनंती, की वर्षातून चारच तासिका या कामाला द्याव्यात. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा असे आम्ही म्हणत नाही. तिसरीत मुले जिल्हा शिकतात, चौथीत शिवछत्रपती शिकतात, वरच्या वर्गांत स्वातंत्र्यलढा शिकतात. त्या प्रत्येक धड्याच्या शेवटी एकच प्रश्न जोडावा, "तेव्हा आपल्या गावात काय चालले होते?" उत्तर शोधताना मूल संगणक शिकते, इंग्रजी वाचते, आकडेमोड करते आणि आजीजवळ जाऊन बसते. परीक्षेच्या गुणांसाठीही यातले काहीच वाया जात नाही.

ज्या मुलीने "आपल्या वस्तीला कुठे इतिहास असतो?" असे विचारले होते, तिने वतनाच्या पाठानंतर आपल्या पणजीची हकीकत चार पाने भरून लिहून आणली. येसकराची पाळी असताना पणजोबा आजारी पडले म्हणून पणजी स्वतः रात्री निरोप घेऊन शेजारच्या गावी गेली होती, कडेवर मूल घेऊन. ते कडेवरचे मूल म्हणजे तिचे आजोबा. ही गोष्ट कोणत्याही गॅझेटियरात नाही, कोणत्याही खंडात नाही. आता ती आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

अशी पाने आपल्या जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतून यावीत. पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत ती छापण्याची जबाबदारी आम्ही घेतो. लिहून आणण्याची जबाबदारी आपली.

जयभीम! नमो बुद्धाय!